माईची गाणी, लेकींसाठी

ऐक, आधी नुसतं ऐक. मधेच "मग? मग?" करू नकोस. सगळं सांगणारच आहे, पण क्रमानं सांगू दे, कारण यात क्रम चुकला की सगळंच चुकतं.

तर पक्कडनं ते मशीन उघडलं तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. काही म्हणजे काही नाही. मोठी आत्या म्हणाली होती, "रविवारी सगळे जमतायत, त्याआधी माईचं मशीन बोलतं करून दे," आणि मोठ्या आत्याला नाही म्हणणारा माणूस या घरात अजून जन्माला यायचाय. मशीन म्हणजे मोठ्या चकत्यांचं जुनं टेपमशीन, बॅगेएवढं, वर झाकण, धरायला चामड्याची मूठ. बारा वर्षं बंद पडून होतं. पक्कड अण्णांच्या, म्हणजे तिच्या गेलेल्या आजोबांच्या, जुन्या घड्याळांच्या दुकानात बसते आणि रेडिओ, पंखे, टेप, जे रुसेल त्याची समजूत काढते. लहानपणी बाकीच्या पोरी बाहुली घेऊन झोपायच्या, ही पक्कड घेऊन झोपायची. नाव पडलं ते पडलंच.

आता माईची गाणी. माई म्हणजे अण्णांची बायको. ती गेली तेव्हा मोठी आत्या सहा वर्षांची, पक्कडचे बाबा चार वर्षांचे आणि छोटी आत्या फक्त अकरा दिवसांची. मागे राहिली ती एक फीत. तिच्यावर सात गाणी. कपडे वाळत घालतानाचं, पोर निजवतानाचं, रुसलेल्याला उठवतानाचं, असली. फितीच्या डब्यावर अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'माईची गाणी. लेकींसाठी.' बस. या तीन शब्दांवर मोठ्या आत्यानं अख्खं आयुष्य उभं केलं. फीत ऐकून ऐकून सातही गाणी घोटवली, तीच उंच पट्टी, तीच पळती चाल, आणि चाळीस वर्षं वरच्या मजल्यावरच्या खोलीत पोरींना शिकवली. त्या पट्टीला पोचता पोचता तिचा गळा पार खरवडून निघाला, पण पट्टी काही तिनं खाली आणली नाही. नियम एकच. ही गाणी आईकडून लेकीकडे जातात. मुलग्यांनी ऐकावीत, गाऊ नयेत.

आणि गंमत बघ, तिला लेक झालीच नाही. झाला तो एकुलता एक मुलगा.

तो बस चालवतो. घरात सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात, फक्त पक्कड दादा म्हणते. आवाज असा की मागच्या सीटवरचं रडकं पोर गप्प होतं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी आग्रह केला म्हणून तो एका कार्यक्रमात माईचं निजवायचं गाणं गायला, खालच्या पट्टीत, सावकाश, आणि लोक वेडे झाले. म्हणाले, वा, हे किती जुनं वाटतं, किती अस्सल! हे मोठ्या आत्याच्या कानावर गेलं. ती एवढंच म्हणाली, "जुनी मी आहे. हा परवा जन्मलाय."

मग एका कंपनीनं त्याला बोलावलं, सातही गाणी भरून घ्यायला. बुधवार ठरला. आणि आत्याच्या दोन शिष्यांनी कंपनीला पत्र धाडलं, की बायकांनी जपलेली गाणी एक पुरुष लाटतोय, वर मोडूनतोडून गातोय, तुम्ही कसे काय चालवून घेता? कंपनी घाबरली. त्याला म्हणाली, तुमच्या आईची सही असलेला कागद आणा, नाहीतर राहू द्या. रविवारची बैठक त्या सहीसाठी होती. आणि मशीन कशाला? तर पोराला सगळ्यांसमोर माईचा आवाज ऐकवायचा आणि विचारायचं, आता सांग, कुठे ही आणि कुठे तू?

गुरुवारी दुपारी पक्कड मशीन घेऊन बसली. आतलं तेल सुकून डिंक झालेलं. तिनं सगळं सुटं केलं, पुसलं. ज्या दांडीमुळे फीत पुढे सरकते ना, त्या दांडीवर पितळेची एक बारीक नळी चढवलेली होती, टोपीसारखी. कुणीतरी नंतर बसवलेली. तिनं ती काढून डबीच्या झाकणात ठेवली आणि म्हटलं, आधी तशीच चालवून बघू. फीत ओवली. कळ दाबली.

पुरुषाचा आवाज.

तिला वाटलं, चुकीची फीत. डबा बघितला. तीच. मग वाटलं, मोटर दमलीय, हळू फिरतेय. तेवढ्यात गाण्याच्या मागे कुठेतरी घड्याळानं चार टोल दिले. आणि पक्कडनं मान वर केली, कारण तो टोल ती रोज ऐकते. अण्णांचं भिंतीवरचं घड्याळ अजून दुकानातच आहे. चिरलेल्या भांड्यावर चमचा मारल्यासारखं वाजतं, बसकं, आणि शेवटी थोडं कुरकुरतं. तिनं स्टूल घेतलं, वर चढली, काटे फिरवून चारवर आणले. घड्याळ वाजलं. फीत मागे घेऊन पुन्हा ऐकली. तोच टोल. जराही वरखाली नाही. मग नळी परत चढवली. आता दांडी जाड झाली, फीत भरभर पळायला लागली, आवाज चढला, चाल पळाली, माई गायला लागली, आणि मागचं घड्याळ असं किणकिणलं की जणू भलत्याच घरातलं.

म्हणजे मोटर बरोबर होती. खोटी होती ती नळी.

पक्कडनं डोळ्याला भिंग लावलं. तुला सांगते, घड्याळजी लोकांची एक सवय असते. घड्याळ उघडलं की परत बंद करण्याआधी आतल्या झाकणावर सुईनं बारीक तारीख कोरायची आणि आपली खूण, म्हणजे पुढच्या कारागिराला कळावं याला आधी कुणाचा हात लागलाय. अण्णांची खूण म्हणजे एक चिमुकला मासा. ती नळीच्या खालच्या काठावर होती. आणि शेजारी तारीख. माई गेल्यानंतर एक वर्ष आणि दोन महिन्यांची.

ती बराच वेळ स्टुलावर नुसती बसली. एक गिऱ्हाईक येऊन इस्त्री ठेवून गेलं, तिला कळलंसुद्धा नाही. अण्णा गातात? अण्णांना बोलता येतं यावर शेजारीपाजारी पैज लावायचे! दुकानातसुद्धा बोटांनीच दर सांगायचे. त्या माणसानं बायको गेल्यावर तिची सात गाणी दुकानाच्या मागच्या बाजूला बसून एकट्यानं गायली, ऐकली, आणि मग लेथवर केसाएवढ्या मापाची नळी कातून त्या आवाजाची आई केली.

आणि डब्यावर खोटं काहीच लिहिलं नाही. माईची गाणी. लेकींसाठी. माईचा आवाज असं त्यानं लिहिलंय कुठे?

शनिवारी पक्कडनं काय केलं माहितीय? नळी बसवली, स्क्रू आवळले, झाकण लावलं. आपण मशीन दुरुस्त करतो, माणसं नाही, असं स्वतःला बजावलं.

रविवारी सकाळी अकराला सगळे वरच्या खोलीत. ती खोली म्हणजे एका भिंतीला आरसा, खाली सतरंज्या, खिडकीतून समोरच्या लॉंड्रीची वाफ. छोटी आत्या आली ती संत्र्यांची पिशवी घेऊनच. ती हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स, समोर कुणीही असो, आधी फळ हातात देते, मग भांडते. पक्कडचे बाबा खिडकीपाशी. ड्रायव्हर दाराजवळ, उभाच, हातात तो कागद, घडी घातलेला. आणि मोठी आत्या तिच्या खुर्चीत, ताठ. तिच्यासमोर स्टुलावर मशीन.

"बस रे," छोटी आत्या म्हणाली, "बसमध्ये उभं राहायला पास लागतो."

"मी ठीक आहे, मावशी."

"कागद वाच," मोठी आत्या म्हणाली.

त्यानं वाचला. चारच ओळी. ही गाणी आमच्या घरची आहेत आणि माझ्या मुलानं ती गाण्यास माझी हरकत नाही.

"आमच्या घरची," आत्या म्हणाली. "घरची म्हणजे कुणाची? घरात उंदीरसुद्धा आहेत."

"ताई, झालं तुझं सुरू!" छोट्या आत्यानं संत्रं सोलायला घेतलं. "मी या घरची लेक ना? मला येतं का एक तरी गाणं? मी गायले की गल्लीतली कुत्री साथ देतात. डब्यावर माझा हक्क लिहिलाय आणि गळा दिलाय ह्याला. आता काय करायचं ते सांग."

"हक्क गळ्यावर नसतो."

"मग कशावर असतो?"

बाबा खाकरले. "ताई म्हणते तेही बरोबर आहे. पण तो म्हणतो त्यातही..."

"तू माणूस आहेस की तराजू?" छोटी आत्या म्हणाली. "एकदा तरी एका बाजूला कल रे!"

आणि बाबा खरंच कलले! कुणाला वाटलं नव्हतं. आयुष्यभर मोठ्या बहिणीच्या मागे मान डोलावणारा माणूस, चष्मा काढून पुसत म्हणाला, "मी आठ वर्षांचा असताना मोरीत गुणगुणत होतो. ते कपडे वाळत घालायचं गाणं. तू बाहेरून येऊन माझ्या डोक्यात पाण्याचा मग घातला होतास, ताई. ही बघ, खोक अजून आहे. मी त्यानंतर कधी शीळसुद्धा वाजवली नाही. ती माझीपण आई होती."

पक्कडला बाबांची ती खोक माहीत होती, पण आजवर ती सायकलवरून पडल्याची होती.

"मग लहान होता," मोठी आत्या म्हणाली.

"मग लहान होता, डोकंपण लहान होतं."

ड्रायव्हर पुढे आला आणि आईच्या समोर सतरंजीवर बसला. आवाज चढवत नाही तो कधी. "आई, मी काही चोरलं नाही गं. तुझ्या पोटात होतो तेव्हापासून ऐकतोय."

"ऐकणं वेगळं. शेजारच्यांचं बोलणं रोज भिंतीतून ऐकू येतं, म्हणून ते घर आपलं होतं का?"

"माझा आवाज तिथे पोचत नाही. म्हणून खाली गातो. आणि पळत गायलो की मला शब्दच दिसत नाहीत."

"सदरा अंगात जात नसेल तर उसवून घालत नाहीत. ज्याच्या मापाचा आहे त्याला देतात." मग ती पक्कडकडे वळली. "लाव गं."

पक्कडनं लावलं. दुसरं काय करणार?

माई गायला लागली. बारीक, चपळ आवाज, पायाला चटका बसतोय अशी चाल. छोट्या आत्यानं सोलायचं थांबवून डोळे मिटले. तिचं ते नेहमीचंच, तो आवाज लागला की ती अकरा दिवसांची होते. मोबाइलही काढला होता तिनं, भरून घ्यायला. निजवायचं गाणं आलं. "दार थोडं उघडं ठेव, वारा येऊ दे." 'थोडं' आणि 'उघडं' यांच्या मधे आवाज जी एक गिरकी घेतो, तिला त्या खोलीत 'माईचा वळसा' म्हणतात. तो आला की पोरगी पास. आत्याचं बोट हवेत उचललं गेलं.

"ऐकलास? हा वळसा. हा तू गाळतोस. आणि वर लोक तुलाच अस्सल म्हणतात."

"हळू गाताना तो येतच नाही, आई," ड्रायव्हर म्हणाला. "मी खूप प्रयत्न केला. तिथे नुसता घास अडकल्यासारखं होतं."

पक्कडच्या हातातला पेचकस खाली पडला. कुणी लक्ष दिलं नाही.

"मग त्यावरूनच समज," आत्या म्हणाली.

त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खिशात ठेवला. "बरं. बुधवारी मी नाही म्हणून कळवतो. पुढेही नाही गाणार. बसमध्येपण नाही. तुझं आहे, तुझ्याकडेच राहू दे."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं बघ! भांडण झालं असतं, दोन दिवसांनी मिटलं असतं. पण तो स्टॉप आल्याचं सांगावं तसं म्हणाला आणि उठला. आत्या जिंकली. आणि तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही म्हणजे काही दिसेना.

"आत्या," पक्कडच्या तोंडून निघून गेलं, "मशीनमधलं एक काम राहिलंय. तुला एकटीला दाखवायचंय. बाकीच्यांनी जरा खाली जा."

"आमच्यासमोर दाखव की," बाबा म्हणाले.

"शॉक बसेल, बाबा."

दार लागलं. पक्कडनं झाकण काढलं, नळी उतरवली, आत्याच्या तळहातावर ठेवली आणि अण्णांचंच भिंग तिला दिलं. आत्या घड्याळजीची लेक. खालच्या काठावर कुठे बघायचं ते तिला सांगावं लागलं नाही. मासा बघून ती जरा हसलीसुद्धा. मग तारीख वाचली. मग बोटांवर मोजली. पुन्हा मोजली.

"माई तेव्हा नव्हती."

"नव्हती."

"मग हे काय आहे?"

पक्कडनं सांगितलं. दांडी, जाडी, फीत पळणं, घड्याळाचे टोल. जमेल तेवढं सोपं, जमेल तेवढं हळू.

आत्यानं नळी मुठीत धरली. "लाव."

"आत्या, नको वाटलं तर..."

"लाव म्हटलं ना."

अण्णा गायला लागले. मोठा आवाज नव्हता तो. भीत भीत गाणाऱ्या माणसाचा, जरासा नाकात, कडेकडेनं चालणारा. आत्याचा हात सवयीनं मांडीवर ठेका धरायला गेला आणि ठेका जुळेना, कारण गाणं तिच्यापेक्षा मागे राहत होतं. तिनं हात उचलून घेतला. रडेल असं पक्कडला वाटलं. रडली नाही. चाळीस वर्षं जशी पोरींचं ऐकते तसं ऐकत होती, मान तिरकी करून.

"दार थोडं..."

"थांबव. मागे घे."

पक्कडनं फीत मागे घेतली.

"पुन्हा."

तीन वेळा तेवढंच ऐकलं तिनं.

"हा वळसा नाही," आत्या म्हणाली.

"नाही."

"आवंढा आहे हा. त्यानं आवंढा गिळलाय."

पक्कडनं कळ दाबून फीत थांबवली.

"किती पोरी शिकवल्या गं मी? चारशे?"

"जास्तच."

"चारशे पोरींना मी आवंढा गिळायला शिकवलं. आणि नीट गिळला नाही तर पुन्हा, पुन्हा करायला लावला! एक तर रडून शिकवणी सोडून गेली." आणि तिचे खांदे हलायला लागले. पक्कडला आजही सांगता येत नाही ते हसणं होतं की दुसरं काही. पण डोळे पुसताना तोंडावर हसू होतं हे नक्की.

मग तिनं सांगितलं. लहानपणी ती अण्णांना रोज विचारायची, आई कशी बोलायची? मला तिचा आवाजच आठवत नाही. अण्णा काही सांगायचे नाहीत. नुसते तिच्याकडे बघायचे आणि घड्याळात डोकं घालायचे. एक दिवस घरी हे मशीन आलं.

"पण गाणी माईचीच असतील, आत्या. त्यांनी तिच्याकडूनच..."

"मला समजावू नकोस. कोण कुणाकडून शिकलंय ते मला ऐकून कळतं. जिथे त्याला श्वास लागतो तिथे तो घेत नाही, पुढे जाऊन घेतो, तिची जागा आठवत आठवत. गाणी तिचीच." तिनं मुठीतल्या नळीवर अंगठा फिरवला. "सदऱ्यासारखी घातली त्यानं. अंगात जात नव्हती, तरी घातली."

लॉंड्रीतली वाफ खिडकीवर येऊन काच धुरकट झाली होती. आत्यानं मूठ उघडून नळी पुढे केली.

"बसव."

"परत?"

"परत. छोटी अकरा दिवसांची होती. फोटोत माई पाठमोरी आहे. त्या पोरीकडे आईचं म्हणावं असं या आवाजाशिवाय काहीही नाही. मला निदान एक हात आठवतो, गरम, डोक्यावरचा. हे या खोलीबाहेर जायचं नाही. आम्ही तिघं आहोत तोवर तरी नाही."

"आणि दादा?"

आत्या दारापाशी गेली आणि जिन्यात ओरडली, "वर या सगळे!"

कागद तिनं मुलाकडून मागून घेतला आणि मशीनच्या झाकणावर ठेवून सही केली. कुणी काही विचारायच्या आत. "हळूच गा," ती मुलाला म्हणाली, "तुझी चाल बरोबर आहे. आणि पत्र लिहिणाऱ्या त्या दोन शहाण्यांना मी बघते."

ड्रायव्हर कागदाकडे बघतच राहिला. "आणि वळसा?"

"गाळ." मग लगेच, "नको, गाळू नकोस. घास अडकतो म्हणालास ना? अडकू दे."

"पक्कड," छोटी आत्या म्हणाली, "तू हिला खरोखरच शॉक दिलास की काय?"

बाबांनी एक संत्रं उचललं आणि कुणाकडेही न बघता बारीक शीळ घातली. दोनच सूर. मोठ्या आत्यानं ऐकलं आणि या वेळी डोक्यात घालायला मग शोधला नाही.

इथवर छान आहे ना? इथे थांबायला हवं होतं सगळं. पण पक्कड मशीन घेऊन निघाली आणि जिन्याच्या वळणावर ड्रायव्हर बसलेला, कागद गुडघ्यावर. त्याची दुपारची पाळी होती, गणवेश घालूनच आला होता.

"पकडे, काय दाखवलंस तिला?"

"मशीनचं काम होतं."

"मशीन बघून आई बदलत नाही. मी तिला पस्तीस वर्षं ओळखतो." त्यानं कागद वर धरला. "बुधवारी ते मला पहिलं हेच विचारणार, बायकांची गाणी तुम्ही का गाता? मी काय सांगू? आईनं सही दिली म्हणून? म्हणजे दया आली तिला, म्हणून? मला सही नकोच होती गं. मला एवढंच कळायला हवं होतं, की हे माझं आहे, की मी कुणाचं तरी उसनं आणून मिरवतोय. तुला काहीतरी माहितीय. तुझ्या तोंडावर दिसतंय."

आणि ती तोंड उघडणार, तेवढ्यात वरच्या पायरीवर छोटी आत्या. मोबाइल कानाला लावलेला, नुकतंच भरून घेतलेलं गाणं ऐकत होती. चेहरा असा, की बघवत नव्हतं. "किती स्वच्छ आलाय गं माईचा आवाज," ती म्हणाली. "तुझे हात सोन्याचे आहेत."

मशीन जड होतं. पक्कडच्या बोटांना रग लागली. तिनं वर बघितलं, खाली बघितलं.

"उसनं नाही, दादा," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"माहितीय. तुझंच आहे. तुझ्याआधीही असंच होतं. एवढंच ऐक, पुढचं विचारू नकोस."

त्यानं कागद खिशात ठेवला. मग उठला, टोपी डोक्यावर ठेवली. "तेवढ्यानं भागत नाही गं, पकडे," म्हणाला, अगदी प्रेमानं, आणि तिच्या हातातलं मशीन घेऊन खाली दुकानापर्यंत पोचवून, पाळीवर निघून गेला.

आज मंगळवार. मशीन दुकानात आहे, नळी दांडीवर आहे, आणि ती काढायला पक्कडला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. आता बोल. जिन्याच्या त्या वळणावर, वर छोटी आत्या आणि खाली तो, मधे तू असतीस, तर तू काय केलं असतंस?